बस विकत घेणे आणि बस चालविणे
(सुवर्ण महोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संयोजकांनी मला दिले, तेव्हा मी वस्त्रव्यवसायावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र रस्ते आणि सार्वजनिक वाहतूक यांसाठी होणाऱ्या राष्ट्रीय गुंतवणुकीचा विषय घेतला आहे. मी अभियंता नाही, नगररचनाकारही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ कापडाच्या पेढीवर बसलेला मनुष्य आहे. त्यामुळे जे सांगेन ते जमाखर्चाच्या अंगाने सांगेन.

१९८१ साली मी बी.कॉम. झालो आणि आण्णांच्या हाताखाली काळबादेवीच्या पेढीवर जाऊ लागलो. सकाळी जुहू बस स्थानकावरून २३१ क्रमांकाची बस, सांताक्रूझला लोकल, मरीन लाइन्सला उतरून पायी बाजार, हा नित्यक्रम होता. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ पासून, गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणीचा माल आटला आणि भिवंडी, इचलकरंजी येथील यंत्रमागांच्या कापडावर आमचा व्यापार अधिकाधिक अवलंबून राहू लागला. माल आणण्यासाठी दुसऱ्याच्या वाहनाची वाट का पाहावी, असा विचार करून १९८६ मध्ये मी बँकेचे कर्ज काढून एक टेम्पो घेतला. हप्ता किती, व्याज किती, हे सारे मी काटेकोर मांडले होते. चालकाचा पगार, टायर, विमा, दुरुस्ती आणि भिवंडीहून रिकामी परतणारी फेरी, यांचा हिशेब मात्र ‘होईल ते पाहू’ या सदरात राहिला. दीड वर्षात चालक सोडून गेला. पुढे आठ महिने तो टेम्पो ताडपत्री पांघरून गल्लीत उभा होता आणि हप्ते चालूच होते. आण्णा एवढेच म्हणाले, “घेताना तू किंमत विचारलीस, खर्च विचारला नाहीस.”

आपल्या शासनाच्या योजना वाचताना मला त्या टेम्पोची आठवण पुनःपुन्हा होते. (टेम्पो शेवटी तोट्यात विकला, हे सांगायचे राहिले.)

३ डिसेंबर २००५ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाचा प्रारंभ झाला. शहरांच्या पायाभूत सुविधांसाठी केंद्राने इतक्या मोठ्या प्रमाणावर हात पुढे करण्याचा तो पहिलाच प्रसंग म्हणावा लागेल. चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत केंद्राचा वाटा ३५ टक्के, राज्याचा १५ टक्के आणि उरलेले ५० टक्के स्थानिक संस्थेचे, अशी विभागणी होती. २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही आले. वाहने नव्हे, तर माणसे हलविणे हे उद्दिष्ट असावे, असे त्यात मांडले होते. २००९ च्या मंदीत उद्योगांना चालना देण्यासाठी याच अभियानातून शहरांना बसखरेदीकरिता अनुदान मिळाले आणि मुंबईच्या रस्त्यांवरही नव्या बसगाड्या दिसू लागल्या. हे स्वागतार्हच होते. परंतु अनुदान होते ते खरेदीसाठी. चालक-वाहकांचे वेतन, इंधन, सुटे भाग, आगार, हा सारा भार बेस्टच्याच खात्यावर राहिला.

हा भार पूर्वी कसा पेलला जाई, हे समजून घेण्यासारखे आहे. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम महानगरपालिकेकडे आला. त्याच्या एका हातात वीज होती, दुसऱ्या हातात वाहतूक. शहर भागात विकल्या जाणाऱ्या विजेतून जे उरे, ते बसची तूट भरून काढण्यास उपयोगी पडे. आपल्या उपनगरात वीज बेस्टची नाही, बस मात्र बेस्टची आहे. म्हणजे कुलाबा-दादरच्या वीजग्राहकाने जुहूच्या बसप्रवाशाला कित्येक वर्षे मदत केली. व्यापारी भाषेत, चालत्या खात्याने अडलेले खाते सांभाळले. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचे दर नियामक आयोगाच्या कक्षेत आले आणि हा ओघ क्रमाने बंद झाला. वीजग्राहकाच्या दृष्टीने ते न्याय्यही असेल. परंतु जुनी तरतूद गेली आणि तिच्या जागी दुसरी पक्की तरतूद कोणी केली नाही.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ मध्ये भाडेतत्त्वावरील गाड्या धरूनही तीन हजारांहून कमी उरल्या. मोठ्या अपेक्षेने आणलेल्या जुन्या वातानुकूलित गाड्या २०१७ मध्ये तोट्यामुळे बंद कराव्या लागल्या. त्यानंतर गाडी आणि चालक कंत्राटदाराचे, पैसे प्रतिकिलोमीटर, अशी पद्धत आली. २०२२ मध्ये एका कंत्राटदाराला मिळणारा दर परवडेना आणि त्याने आपल्या गाड्या काढून घेतल्या. २०१९ च्या जुलैत किमान भाडे पाच रुपयांवर आणले तेव्हा आम्ही प्रवाशांनी आनंद मानला. ९ मे २०२५ पासून ते दहा रुपये झाले. पाच रुपयांत बस चालत नाही, हे कोणत्याही दुकानदाराला समजते. मधला फरक कोण भरणार, एवढाच प्रश्न होता. तो न सोडवता भाडे उतरवले आणि न सोडवताच चढवले.

आता दुसरी बाजू पाहा. २०२५-२६ साठी बृहन्मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. त्यात भांडवली कामांसाठी ४३ हजार कोटींहून अधिक रक्कम होती आणि बेस्टला अनुदान १,००० कोटी. पूल, बोगदे, सागरी मार्ग नकोत असे मी म्हणत नाही. मीही मोटारीतून त्यावरून जातो. परंतु ज्या पेढीच्या ताळेबंदात इमारत वाढत जाते आणि पगाराची ओळ आखडत जाते, त्या पेढीला मी माल उधार देताना दोनदा विचार करीन.

बांधकामातसुद्धा सांधा कोणाचा, हा प्रश्न राहतोच. आपल्या अंधेरीचा गोखले पूल घ्या. ३ जुलै २०१८ रोजी त्याच्या पादचारी भागाचा काही अंश रेल्वेमार्गावर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहतुकीस बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू खुली झाली तेव्हा असे दिसले, की जुहूकडे नेणारा बर्फीवाला पूल आणि नवा गोखले पूल यांच्या उंचीत मोठी तफावत आहे! पैसा होता, पोलाद होते, तंत्रज्ञ होते. दोन पूल एकमेकांना भेटत नव्हते. जुना पूल जॅकने उचलून जुलै २०२४ मध्ये तो जोड पूर्ण केला, आणि दुसऱ्या बाजूसह संपूर्ण पूल खुला होण्यास मे २०२५ उजाडले. या काळात जुहूहून अंधेरी पूर्वेला रुग्ण नेणाऱ्यांनी किती वळसे घातले, ते इथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे.

केवळ दोष सांगून थांबणे बरे नव्हे. खर्चाचा विचार आधी केल्याची उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच पुढील पाच वर्षांची देखभाल करारानेच सोपविली जाते. प्रत्यक्षात ती सर्वत्र सारखी होते असे नाही, पण निदान ती करारात लिहिलेली असते. तसेच १६ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवेचे. दहा हजार विजेवरील बस, एकूण अंदाजित खर्च ५७,६१३ कोटी रुपये, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. आणि मुख्य म्हणजे बस चालविण्यासाठी दहा वर्षे साहाय्य. योजनेचा हा मसुदा वाचून मला आण्णांची आठवण झाली. मात्र ही योजना तीन लाख ते चाळीस लाख लोकसंख्येच्या शहरांपुरती आहे, मुंबई तिच्या बाहेर आहे. मोठ्या शहरांसाठी २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजना आली, परंतु तिचा भर पुन्हा वाहनाच्या खरेदीवरील अनुदानावर आहे. मोठ्या शहराला बस चालविण्याचा खर्च झेपतोच, हे गृहीत कशाच्या आधारे धरले, ते मला उमगलेले नाही.

एक गोष्ट या सभेत सांगितलीच पाहिजे. आपले साधू-साध्वी आयुष्यभर वाहनात बसत नाहीत. त्यांचा विहार महामार्गाच्या कडेने, पहाटेच्या अंधुक प्रकाशात होतो आणि तेथे पायी चालणाऱ्यासाठी हातभर सुरक्षित पट्टीही बहुतेक ठिकाणी नसते. शाळेत जाणारी मुले आणि शेतमजूर त्याच कडेने चालतात. मार्गिका चारच्या सहा, सहाच्या आठ होतात. पादचाऱ्याचे सदर कोरेच राहते.

९ ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ ची संपूर्ण मार्गिका प्रवाशांसाठी खुली झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके, त्यातले एक काळबादेवी. केंद्र आणि राज्य यांच्या समान भागीदारीतून आणि जपानच्या कर्जातून हे काम झाले. ज्या बाजारात मी घामाघूम होऊन पायी पोहोचत असे, तिथे आता थंडगार भुयारातून वर येता येते. मी मुद्दाम एकदा गेलो. मन भरून आले. परंतु जुहूकरांना हे स्थानक गाठायचे तर आधी रेल्वे ओलांडून पूर्वेला सांताक्रूझ मेट्रो स्थानकापर्यंत जावे लागते. मी रिक्षा केली. रिक्षाचे भाडे मेट्रोच्या तिकिटाहून अधिक झाले. मला ते परवडले.

आमच्या पेढीवरचे जुने मेहताजी जुहूच्याच एका गल्लीत राहतात. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, तरी आठवड्यातून तीन दिवस येतात. त्यांना मी मेट्रोने येण्याचा आग्रह केला. त्यांनी कागद घेऊन महिन्याच्या रिक्षाभाड्याचा आकडा मांडला, चष्मा काढला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ते अजूनही बसनेच सांताक्रूझला जातात आणि गर्दीच्या लोकलमध्ये चढतात. मेट्रोच्या एवढ्या भांडवलाचा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचायला मधे एक छोटी बस हवी आहे, दर दहा मिनिटांनी, सकाळी आठ ते रात्री दहा.

म्हणून माझी विश्वस्त मंडळाला विनंती आहे. सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने आपण अनेक निवेदने काढणार आहोत, त्यात एक निवेदन महानगरपालिकेला आणि बेस्टला या बससाठी असावे. मागणी करताना बस कोण घेईल एवढेच न लिहिता, तिचा वर्षाचा चालविण्याचा खर्च पालिकेच्या कोणत्या शीर्षाखाली पडावा, हेही लिहावे. मी मसुदा केला आहे. अंदाजित फेऱ्या आणि खर्चाचे कोष्टक त्याला जोडले आहे. त्यात चूक असेल तर आपल्यातील सनदी लेखापालांनी ती अवश्य दुरुस्त करावी. सभा संपल्यावर कागद कार्यालयातील टेबलावर ठेवतो. ज्यांना पटेल त्यांनी नाव, पत्ता लिहून स्वाक्षरी करावी.