विलायती कापडावरील बहिष्कार आणि व्यापाऱ्याचा धर्म

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





स्वातंत्र्य चळवळीवर बोलण्यासाठी माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्यास पाचारण करून ट्रस्टने माझा बहुमान केला आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पेढीवर बसलो. तेव्हापासून आजवरचे आयुष्य ताग्यांच्या आणि खतावणीच्या सहवासात गेले. म्हणूनच मला उमगेल अशाच बाजूने मी या विषयाकडे पाहणार आहे. स्वातंत्र्याचा इतिहास आपण सभा, तुरुंग आणि फासाचे दोर यांच्या आधारे ऐकत आलो. तोच इतिहास कापडाच्या दुकानातील गादीवर बसून पाहिला तर कसा दिसतो, एवढेच आज मांडण्याचा मानस आहे.

प्रथम एक प्रश्न. परदेशी माल म्हणून साखर, काच, काड्यापेट्या, घड्याळे असे कितीतरी जिन्नस आपल्याकडे येत होते. मग चळवळीने वारंवार कापडालाच का हात घातला? कारण कापड प्रत्येक घरात लागते आणि इंग्लंडच्या व्यापाराचा प्राण त्या वेळी लँकेशायरच्या गिरण्यांत होता. ज्या देशाची मलमल आणि छिटे एके काळी युरोपात जात, तोच देश एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या मालाची सर्वांत मोठी बाजारपेठ बनला.

या व्यवहारात सरकार तटस्थ नव्हते. १८९६ मध्ये आयात होणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवण्यात आली आणि त्याच वेळी हिंदी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्केच अबकारी कर बसविण्यात आला. हेतू उघड होता. जकातीमुळे देशी गिरणीला जो अल्पसा आडोसा मिळाला असता, तो अबकारीने काढून घेतला. आपल्याच घरात तयार झालेल्या मालावर परक्या मालाच्या सोयीसाठी कर! हा कर १९२५ च्या डिसेंबरात स्थगित झाला आणि १९२६ मध्ये रद्द झाला. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे हा अन्याय चालला. ज्याने एकदा तरी विक्रीकराचे विवरणपत्र भरले आहे, त्याला पारतंत्र्य म्हणजे काय हे समजण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

स्वदेशीचा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रातून लिहिलेल्या शतपत्रांत देशी मालाचा आग्रह धरला होता. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक आदराने सार्वजनिक काका म्हणत, ते १८७७ च्या दिल्ली दरबारास हातमागाची खादी नेसून गेले. राजेरजवाडे जरतारी पोशाखांत मिरवत असताना हा पुण्याचा वकील जाड्याभरड्या वस्त्रांत उभा राहिला. महात्मा गांधी त्या वेळी आठ वर्षांचेही नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे काकांची दूरदृष्टी कळते.

बंगालच्या फाळणीच्या निमित्ताने ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला. लोकमान्यांनी ही चळवळ महाराष्ट्रात आणली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. तरुण विनायक दामोदर सावरकर तीत अग्रभागी होते. त्यांना दहा रुपये दंड झाला आणि फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढण्यात आले. परंतु याच काळातील दुसरी बाजू आपण व्यापाऱ्यांनी विसरू नये. देशी कापडास मागणी वाढताच गिरण्यांनी भाव चढविले. गरीब ग्राहकास स्वदेशी धोतरजोडी महाग पडू लागली आणि देशभक्तीचा भार त्याच्याच खिशावर आला. मागणी वाढली म्हणजे भाव वाढतो हे अर्थशास्त्राचे सूत्र खरे आहे. पण चळवळीच्या काळात ते सूत्र निष्ठुरपणे चालविणे चळवळीला मारक ठरते.

पुढचा टप्पा १९२१ चा. त्या वर्षी जुलैअखेर मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने ३० सप्टेंबरपर्यंत विलायती कापडाचा संपूर्ण बहिष्कार सिद्धीस नेण्याचे आवाहन केले. ३१ जुलै रोजी, लोकमान्यांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, परळ येथे उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात महात्माजींच्या हस्ते कापडांची प्रचंड होळी पेटली. उमर सोबानी हे स्वतः गिरणीमालक, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

या होळीबद्दल सर्वांचे एकमत नव्हते. दीनबंधू अँड्र्यूज यांना ती रुचली नाही. रवींद्रनाथांनी तर जाहीर लेखातून प्रश्न केला की, ज्या देशात माणसे उघडी हिंडतात तेथे वस्त्रे जाळणे कितपत योग्य? महात्माजींचे उत्तर असे होते की, लोकांच्या मनात इंग्रज माणसाविषयी साठलेला रोष आपण वस्तूकडे वळवीत आहोत, म्हणजे माणूस वाचेल. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा वाद परका वाटू नये. वस्तूचा त्याग आणि वस्तूचा नाश यांतील अंतर आपल्या परंपरेत फार बारकाईने विचारात घेतले गेले आहे. मला स्वतःला रवींद्रनाथांची शंका रास्त वाटते. पण ती होळी पाहून परतलेल्या माणसाने इंग्रजावर दगड उचलला नाही तर महात्माजींचा हिशेबही चुकीचा ठरत नाही.

आता व्यापाऱ्यांकडे वळू. १९२१ मध्ये अनेक आयातदारांनी नवा विलायती माल न मागविण्याच्या प्रतिज्ञा केल्या. त्यांचे कौतुक करताना हुंडणावळीचा दरही पाहिला पाहिजे. १९२० च्या आरंभी रुपयाचा दर दोन शिलिंगांच्याही वर गेला होता; वर्षभरात तो घसरून सोळा पेन्सांच्या खाली आला. ज्याने दोन शिलिंगांच्या हिशेबाने शंभर पौंडांचा माल मागविला, त्याने एक हजार रुपये देण्याची तयारी ठेवली होती. सोळा पेन्सांच्या दराने त्याच मालाचे पंधराशे रुपये झाले. माल बंदरात, भाव पडलेले आणि देणे दीडपट! अशा वेळी ‘विलायती माल घेणार नाही’ ही प्रतिज्ञा कित्येकांना धर्माप्रमाणे सोयीचीही होती. हे सांगण्यात कोणाची निंदा नाही. मनुष्याच्या कृतीत स्वार्थ आणि परमार्थ एकत्र नांदतात. कसोटी लागते ती दोहोंच्या वाटा वेगळ्या होतात तेव्हा.

ती कसोटी १९३० मध्ये लागली. मिठाच्या सत्याग्रहाच्या पाठोपाठ, एप्रिल महिन्यात, महात्माजींनी दारूच्या व विलायती कापडाच्या दुकानांवरील निरोधनाचे, ज्याला सर्वत्र पिकेटिंग म्हणत, काम भगिनींवर सोपविले. मुंबईत अवंतिकाबाई गोखले, पेरीनबेन कॅप्टन, हंसाबेन मेहता, लीलावती मुन्शी यांच्यासारख्या स्त्रिया पुढे आल्या. केशरी साड्या नेसलेल्या देशसेविका दुकानाच्या पायरीशी हात जोडून उभ्या राहत आणि गिऱ्हाइकास परत फिरण्याची विनंती करीत. मेअखेरीस सरकारने वटहुकूम काढून निरोधन हा गुन्हा ठरविला, तरी पायऱ्या रिकाम्या राहिल्या नाहीत. मूळजी जेठा मार्केटसारखा मोठा बाजार दीर्घकाळ बंद राहिला आणि ठिकठिकाणी व्यापाऱ्यांनी आपल्या विलायती मालाच्या गाठींवर काँग्रेसची मोहर लावून घेतली.

मोहर लावून घेणे म्हणजे काय, हे आपल्या धंद्याबाहेरच्या माणसास सहसा कळत नाही. जाळलेला सदरा दिसतो; अडकलेले भांडवल दिसत नाही. समजा, एखाद्या पेढीत वीस हजारांचा माल आहे आणि तो नऊ टक्के व्याजाच्या पैशावर घेतलेला आहे. सहा महिने मोहर राहिली तर नऊशे रुपये व्याजातच गेले. वखारीचे भाडे चालू, मुनिमांचे पगार चालू. लग्नसराई गेली, दिवाळी गेली. पावसाळ्यात गाठींना दमट लागते, कसर लागते. काठ आणि छापे बदलतात; पुढच्या वर्षी तो माल निम्म्या भावानेही उठेलच अशी शाश्वती नाही. शिवाय पतीचा प्रश्न राहतोच. हुंडीची मुदत भरते तेव्हा सावकार ‘देशासाठी थांबलो’ ही सबब मान्य करीलच असे नाही. तुरुंगात जाणाऱ्याची मिरवणूक निघते, ताळेबंदात तोटा सोसणाऱ्याची निघत नाही. म्हणून मी म्हणतो की, मोहरबंद गाठ हेही एक सत्याग्रहाचे साधन होते.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९२९-३० मध्ये ब्रिटनमधून सुमारे १२४ कोटी ८० लाख वार कापड आले होते. १९३०-३१ मध्ये ते सुमारे ५२ कोटी ३० लाख वारांवर आले. निम्म्याहूनही कमी! यात जागतिक मंदीचा वाटा मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेतमालाचे भाव कोसळल्याने खेड्यांतील माणसाच्या हाती पैसाच नव्हता. तरीही मंदी आणि बहिष्कार यांनी मिळून लँकेशायरला असा धक्का दिला की तो तेथील गल्लीबोळांत जाणवला.

परंतु बंधूंनो, या कथेचा उत्तरार्ध आपल्या वर्गास फारसा भूषणावह नाही. पावसाळा संपला, चळवळ लांबली आणि अनेक बाजारांतील व्यापाऱ्यांचा धीर सुटू लागला. मोहरा काढण्याची बोलणी सुरू झाली. कोणी विलायती माल पोलिसांच्या बंदोबस्तात हलवू लागले. अशाच मालाने भरलेली एक मोटारलॉरी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीच्या रस्त्याने निघाली. तिच्यापुढे एक तरुण आडवा झाला. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे त्याचे गाव, मुंबईतील गिरणीत तो मजुरी करी. त्याचे नाव बाबू गेनू सैद. लॉरी थांबली नाही.

ज्याच्या अंगावर कदाचित दुसरा सदराही नसेल, त्याने कापडापायी प्राण दिला. ज्यांच्या वखारीत गाठींचे थर होते, त्यांतील काहींना सहा महिन्यांचे व्याज जड झाले. हे दोन्ही एकाच शहरात, एकाच बाजारात घडले. ज्यांनी अखेरपर्यंत मोहरा मोडल्या नाहीत असेही व्यापारी होते. त्यांना आपण वंदन करू. परंतु हुतात्म्याच्या पुतळ्याला हार घालताना त्या लॉरीत माल कोणाचा होता आणि तो विकत घेणारा कोण होता, हा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात राजकीय शस्त्र म्हणून ब्रिटिश मालावरील बहिष्कार मागे घेण्यात आला. देशी मालाच्या प्रसारासाठी शांततामय निरोधनाची मुभा राहिली. त्याच वर्षी सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले महात्माजी लँकेशायरमध्ये डार्वेन येथे बेकार गिरणी कामगारांना भेटले. ज्यांची रोजी बहिष्काराने बुडाली, त्यांच्यासमोर जाऊन त्यांनी त्यांचे दुःख ऐकले, आणि हिंदुस्थानातील दारिद्र्य त्याहून किती खोल आहे हेही समजाविले. त्या कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. ज्याचे नुकसान आपल्या हातून झाले, त्याच्या डोळ्याला डोळा देऊन उभे राहणे ही अहिंसेची फार वरची पायरी आहे.

हे बळ महात्माजींच्या ठायी अनेक ठिकाणांहून आले. त्यांतील एक ठिकाण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईस उतरताच त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. हिऱ्यामोत्यांच्या लाखोंच्या सौद्यातून मोकळे होताच हा पुरुष धर्मचिंतनाची वही उघडतो, हे महात्माजींनी पाहिले आणि आत्मकथेत नोंदविले. पेढी आणि धर्म यांची खाती वेगळी नाहीत, हा धडा एका व्यापाऱ्याने त्यांना दिला होता. तोच धडा १९३० मध्ये त्यांनी सर्व व्यापाऱ्यांपुढे ठेवला.

शेवटी एक विनंती करतो. आपल्यातील अनेक घरांत माळ्यावर, जुन्या पेटीत, लाल कापडात बांधलेल्या वह्या पडून आहेत. त्या मोडी, गुजराती किंवा मुडिया लिपीत आहेत आणि वाचणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. त्यांत १९२१ आणि १९३० सालचे रोजमेळ असतील. कोणी कोणत्या तिथीस विलायती मालाची खरेदी थांबविली, कोणी किती तोटा सोसला, कोणी केव्हा पुन्हा सुरू केली, हे तेथे पैपैशासह लिहिलेले आहे. भाषणे विसरली जातात, आठवणी रंगविल्या जातात. पण रोजमेळ त्याच रात्री लिहिला जातो. ट्रस्टने या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी गोळा कराव्यात, जाणकारांकडून वाचून घ्याव्यात आणि जे निघेल ते जसेच्या तसे छापावे. काही पानांवर आपली मान उंच होईल, काही पानांवर खाली जाईल. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही, हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नाही.



जय जिनेंद्र! जय हिंद!