रंगमंडपाचा आवाज

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात अन्वा इथं सुमारे बाराव्या शतकातलं कोरीव दगडी मंदिर आहे. अशा मंदिराची डागडुजी करताना खांब, शिळा, सांधे मोजले जातात. पण मंडपात घुमणारा आवाज कोण मोजणार? रंगमंडप ही गायन-नर्तनाची जागा. खांबांमधली मोकळी जागा भिंतीनं बुजवली, तर वास्तू उभी राहते, तिचा नाद मात्र बदलतो. घुमारा किती टिकेल हे जागेच्या आकारमानावर आणि ध्वनिशोषणावर ठरतं, हे वॉलेस सॅबाइन यांनी हार्वर्डमध्ये १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून दाखवलं. म्हणूनच वास्तुरचना, जतन आणि गायन-वादन ही तिन्ही अंगं एकाच व्यक्तीनं शिकावीत, असं मला ठामपणे वाटतं.

एकाला एवढं झेपेल का? ब्रुसेल्सचा १९५८ चा फिलिप्स मंडप घडवणारे यानिस झेनाकिस संगीतकारही होते. आणि संगीताचं शास्त्र शिकायला शार्ङ्गदेवांचा ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ तर आपल्या शेजारीच, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं तेराव्या शतकात लिहिला गेला! अशा मंडपात मैफली केल्या तर जुन्या दगडांना धक्का बसेल, ही भीती रास्त आहे. तिथं मोठे कर्णे नकोत, खिळेही नकोत. आधी सुटलेले सांधे तपासावेत. मग नुसता तंबोरा लावून गळा मंडपात कुठवर पोचतो, ते ऐकावं.