एका पाल्याची तीन नावं



मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत सॅलडमध्ये एक हिरवा पाला मिळतो. पानं लांबट, कडा कातरलेल्या. घास चावला की मोहरीसारखी तिखट झणक थेट नाकात जाते. तशी ती जाणारच, कारण हा पाला मोहरी आणि मुळ्याच्याच कुळातला आहे. मेनूकार्डावर त्याचं नाव कुठे रॉकेट, कुठे अरुगुला. भाजी एक, मग नावं दोन कशी?

दोन्ही नावांचं मूळ एकच, लॅटिनमधला 'एरुका' हा शब्द. रोमन लोक या भाजीला याच नावानं ओळखत. पुढे इटलीत एरुकाची लाडकी, छोटी 'रुकेत्ता' झाली, फ्रेंचांनी तिला 'रोकेत' केलं आणि इंग्लंडात पोचेपर्यंत ती 'रॉकेट' झाली. आकाशात उडणाऱ्या रॉकेटशी तिचं नातं नाही. ते नाव सुताच्या रिळाला इटालियनमध्ये जो 'रोक्केत्तो' शब्द आहे, त्यावरून पडलं.

अरुगुलाची वाट वेगळी. इटलीच्या खेड्यांतल्या बोलींत याच शब्दाची 'अ'नं सुरू होणारी रूपं होती. पोटापाण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या इटालियन माणसांनी ती आपल्याबरोबर नेली. 1960 साली न्यूयॉर्क टाइम्सनं या भाजीबद्दल लिहिलं, त्यात अरुगुला हे नाव आलं.  

आणि आपल्याकडे? राजस्थान, हरियाणा, पंजाबच्या कोरडवाहू शेतात रब्बीत तारामिरा पेरतात. जमिनीतल्या ओलीवर तगणारं हे पीक. बियांचं उग्र तेल काढायचं, पेंड गुरांना घालायची. तारामिरा म्हणजेच ही एरुका. तिकडे पानांसाठी जपलेली वनस्पती इथे बियांसाठी जपली गेली, म्हणून एकीची ओळख दुसरीत पटत नाही.

शब्द ज्या वाटेनं येतो, त्या वाटेवरच्या माणसांची खूण अंगावर घेऊन येतो. रॉकेट म्हणताना फ्रेंच स्वयंपाकघर बोलतं, अरुगुला म्हणताना गाव सोडून गेलेला इटालियन मजूर, आणि तारामिरा म्हणताना पावसाची वाट पाहणारा आपला शेतकरी. तेव्हा पुढच्या वेळी हा पाला ताटात आला, तर त्याचं तिसरं नावही शेजारच्याला जरूर सांगा.