दोन दिवसांची सहल आणि एक कुलूप



आज बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं काही बोलत नाही. आमचा गट जानेवारीत अमरावती आणि चिखलदऱ्याला जाऊन आला, ते सांगते. त्यात गोड किती, कडू किती, दोन्ही सांगते. तुमच्या गटाला निघायचं असेल तर दोन्ही कामी येईल.

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यात. चिखलदरा काही विलायत नाही, एका दिवसात पोहोचता येतं. तरी आमच्या अकरा जणींपैकी सात जणींनी तो पाहिलेला नव्हता. साठीच्या एक काकू म्हणाल्या, "लग्न, मयत अन् पोरीचं बाळंतपण सोडून मी कोठी रात्र काढली नाई व माय." मग वर्षभर दर महिन्याला सहलीचे पन्नास रुपये वेगळे टाकले, उरलेले जाताना घातले आणि जीप ठरवली.

सकाळी हायवेला लागलो. लोणी ते माना या रस्त्याचं नाव गिनीज बुकात गेलं होतं. जून 2022 मध्ये इथे एका लेनचा 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत झाला. गाडी अशी चालली की हातातला चहा हलला नाही. बाया गाणी म्हणत होत्या. पण मला दिसलं की काकू पाण्याच्या बाटलीला हात लावत नाहीत. विचारलं तर हळूच म्हणाल्या, "पानी पेलं तर मंग बसू कोठी?"

अमरावतीला अंबादेवीचं दर्शन घेतलं, मग गाडगेनगरला गाडगेबाबांच्या समाधीवर गेलो. बाबा आपल्याच भागातले, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे. 1876 चा जन्म. हातात खराटा होता हे आपण पोरांना सांगतो. पण पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, हेही सांगायला पाहिजे. घराबाहेर पडलेल्या माणसाला टेकायला जागा लागते, हे त्या माणसाला कळलं होतं.

पुढे परतवाड्याकडे जाताना एका पेट्रोल पंपावर थांबलो. संडासाला कुलूप होतं. पोरगा म्हणाला, "ते स्टाफसाठी आहे." आम्ही मुकाट गाडीत बसलो. पुढे तुरीच्या वावराच्या आडोशाने गेलो, दोघी जणी पदर धरून उभ्या. हसलो खूप, पण ते हसू खरं नव्हतं.

घाट चढताना दोघींना उलट्या झाल्या. वर पोहोचलो तर लॉजवाल्याने विचारलं, "सोबत पुरुष माणूस कोण आहे?" आमच्या अध्यक्षबाईंनी अकरा आधार कार्डं टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आम्ही अकरा माणसं आहो." खोल्या मिळाल्या. रात्री थंडी मात्र अशी की तीन जणी एका रजईत. काकूंना लघवीला जळजळ सुरू झाली, पोट दुखायला लागलं. दिवसभर पाणी नाही आणि धरून ठेवलेलं, दुसरं काय होणार? सकाळी दवाखान्यात नेलं, गोळ्या घेतल्या.

दुसरा दिवस सोन्यासारखा गेला. गाविलगड पाहिला. डिसेंबर 1803 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांनी घेतलेला हा किल्ला. भीमकुंडाची दरी पाहून बाया गप्पच झाल्या. आपल्या विदर्भात कॉफीची झाडं असतात, हे तिथेच पहिल्यांदा पाहिलं. मोथ्याकडची स्ट्रॉबेरी खाल्ली. आमझरी हे तर मधाचं गाव. एका कोरकू बाईने टोपलीतला माल विकताना भाव असा ठामपणे सांगितला की आमच्या पापडवाल्या ताई म्हणाल्या, "आपणच भाव सांगताना काऊन खाली पाहतो?" हे एक वाक्य दहा प्रशिक्षणांच्या बरोबरीचं.

निघताना ड्रायव्हर अडला. घाटाचे दीड हजार वेगळे म्हणाला. बोलणं तोंडी झालं होतं, कागद नव्हता. शेवटी सातशे द्यावे लागले. चूक आमचीच. गटात पाच रुपयांचा व्यवहार लिहितो आणि सात हजारांचा तोंडी करतो!

परतीची वाट अंजनगाव, दर्यापूरवरून. बंद पडलेल्या शकुंतलेचे अरुंद रूळ दिसले. वऱ्हाडचा कापूस वाहायला इंग्रज कंपनीने टाकलेली ही लाइन. काकू लहानपणी तिच्यातून मामाच्या गावाला जायच्या. ते सांगताना दुखणं विसरल्या.

वाटेत पुन्हा एक पंप, पुन्हा कुलूप. या वेळी आमच्या सचिव ताई उतरल्या. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह लोकांसाठी मोफत ठेवायचा नियम आहे, तेल भरा की न भरा. तक्रार-वही ठेवायचाही नियम आहे. ताई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तक्रार-वही द्या बरं." दोन मिनिटांत किल्ली आली.

घरी आल्यावर गटाची बैठक झाली. तिथे काकू म्हणाल्या, "पंपावाल्याले बोललो, पन आपल्या बाजाराच्या दिवशी बाहेरगावच्या बाया कोठी जातात?" सगळ्या गप्प. आमच्या बाजाराजवळही बायांचं स्वच्छतागृह आहे. त्यालाही कुलूप होतं. आम्ही रोज त्याच्यासमोरून जात होतो.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही अकरा जणी उभ्या राहिलो. कुलूप निघालं. पाण्याची टाकी अजून बसायची आहे, तिचा पाठपुरावा चालू आहे. किल्ली आता गटाकडे असते, बाजाराच्या दिवशी पाळीने एक जण तिथे थांबते.

तर मैत्रिणींनो, सहलीला जरूर जा. एसटीत 17 मार्च 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या वरच्या आजींना तर तिकीटच नाही. जीप केली तर भाडं, घाट, मुक्काम सगळं कागदावर लिहून सही घ्या. हायवेवर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर 1033 हा नंबर आहे. थांबायच्या जागा आधी ठरवा. आणि पाणी प्या. पाणी न पिणं हा उपाय नाही, ते आपणच आपल्याला लावलेलं कुलूप आहे.

पुढच्या वर्षी शेगाव, लोणारला जायचं ठरलंय. काकूंनी त्यांचे पन्नास रुपये सगळ्यात आधी टाकले आहेत.