नाव एक, स्पेलिंग तीन



इंग्रजीत 'प्रिन्सिपल' हा एकच उच्चार दोन प्रकारे लिहितात. शेवटी पी-ए-एल असेल तर प्राचार्य, पी-एल-ई असेल तर तत्त्व. चुकलं तर परीक्षेत गुण जातो. आपल्या नावांचं मात्र उलटं आहे. माणूस एक, उच्चार एक, स्पेलिंग अनेक. इथं चुकलं तर शिष्यवृत्ती, पासपोर्ट, वारसाची नोंद अडते.

'शेख' घ्या. उर्दूत, मराठीत लिहिताना वाद नाही. इंग्रजीत एस-एचनंतर कुणी ए-आय लावतो, कुणी ई-आय, कुणी नुसता ई. किराडपुरा असो की रोशन गेट, घरातली कागदांची पिशवी काढून बघा. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर तिसरं. हे दुखणं फक्त मुसलमानांचं नाही. गायकवाड आणि चौधरींनाही विचारा.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. संगणकाला साधी तुलना करायला सांगितली, तर एक अक्षर बदललं की त्याच्यासाठी माणूस बदलतो. यावर उपाय जुना आहे. रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये अमेरिकेत 'साउंडेक्स'चं पेटंट घेतलं. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. तिथल्या जनगणनेच्या सूचीही पुढे याच पद्धतीनं लावल्या. यात शेखची तिन्ही स्पेलिंग एस-२०० होतात.

पण कुरेशी 'क्यू'नं लिहिलं तर क्यू-६२०, 'के'नं लिहिलं तर के-६२०. मोहम्मद एम-५३०, त्याचा चार अक्षरी संक्षेप एम-ओ-एच-डी मात्र एम-३००. शिवाय एस-२०० असलेले सगळे शेख एकच माणूस नव्हेत. म्हणून यंत्रानं 'हा तोच असू शकतो, तपासा' एवढंच सांगावं. जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता बघून निर्णय माणसानं घ्यावा. नुसत्या स्पेलिंगवरून अर्ज परत पाठवू नये, ही मागणी आपण कार्यालयांकडे केली पाहिजे.

आपल्या हातातही काही आहे. बाळाच्या जन्मनोंदीआधी स्पेलिंग ठरवा आणि कागदावर लिहून द्या. मोहम्मद पूर्ण लिहा. बायकांच्या नावापुढे कधी 'बी', कधी 'बेगम' लागतं; तेही एकच ठेवा. जुन्या कागदांतला फरक गरज पडण्याआधी दुरुस्त करा. नाव बदलल्याची राजपत्रात प्रसिद्धी करता येते. शेजारच्या ज्या खालांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यांचे कागदही सोबत बसून तपासा.