वृत्तपत्र आणि आपली राजकीय समजूत



वृत्तपत्र काय छापते याची चर्चा आपण नित्य करतो. ते काय गाळते, इकडे लक्ष जात नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ पत्र काढले, ते याच उणिवेपोटी. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत चालविले व गिरणीकामगारांची गाऱ्हाणी त्यात मांडली. साप्ताहिक सुटीची त्यांची मागणी १८९० साली मान्य झाली. कामगारांचा शीण जोवर चाळीच्या भिंतीआड होता, तोवर तो ज्याचा त्याचा. छापून येताच तो राजकारणाचा विषय झाला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडिलांपासून चालत आलेले एकच पत्र येते. (माझ्याही घरी तेच!) निवडणुकीपूर्वी महिनाभर तरी प्रतिपक्षाचेही पत्र घ्यावे व मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.