जुझेप्पे रोतुन्नो : प्रकाशाचे शिल्पकार

चित्रपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक नटांची नावे घेतो, दिग्दर्शकाचेही घेतो. परंतु ज्याच्या प्रकाशयोजनेमुळे ते नट त्याला दिसले, त्या छायालेखकाचे नाव सहसा त्याच्या ओठी येत नाही. या अनामिकतेमागे केवढी साधना असते, हे इटलीचे छायालेखक जुझेप्पे रोतुन्नो यांच्या कारकिर्दीवरून ध्यानात येते.

रोतुन्नो यांचा जन्म १९२३ मध्ये रोम येथे झाला. चिनेचित्ता या चित्रनगरीतील छायाचित्रांच्या प्रयोगशाळेत त्यांनी कामाला आरंभ केला. महायुद्धात सैन्यासाठी चित्रीकरण करीत असता १९४३ मध्ये ते ग्रीसमध्ये जर्मनांच्या कैदेत सापडले. सुटका झाली ती १९४५ मध्ये. पुढे विस्कोन्ती यांच्या ‘सेन्सो’ (१९५४) या चित्रपटासाठी त्यांनी कॅमेरा चालविला आणि या दिग्दर्शकाशी त्यांचे दीर्घकाळचे नाते जुळले.

विस्कोन्ती यांना हवा होता इतिहासाचा विश्वास. ‘इल गात्तोपार्दो’ (१९६३) या चित्रपटातील नृत्यसमारंभ पालेर्मो येथील खऱ्या प्रासादात चित्रित झाला. दालनात खऱ्या मेणबत्त्या तेवत होत्या. पण त्या काळच्या फिल्मला तेवढा उजेड पुरेसा नव्हता. विजेचे दिवे लावायचे आणि उजेड मात्र मेणबत्त्यांचाच वाटावा, असे ते अवघड काम होते. मावळत्या सरदारवर्गाचे वैभव आणि त्याचा थकवा, दोन्ही त्या सोनेरी उजेडात एकाच वेळी जाणवतात.

फेल्लिनी यांची मागणी नेमकी उलट होती. ‘काझानोवा’ (१९७६) मधील समुद्र प्लॅस्टिकचा आहे आणि तो तसा आहे हे लपविलेले नाही. ‘ए ला नावे वा’ (१९८३) च्या अखेरीस तर कॅमेरा मागे सरतो आणि चित्रनगरीतला सारा देखावाच उघडा पडतो. एकाला सत्याचा आभास हवा, दुसऱ्याला आभासाचे सत्य. रोतुन्नो यांनी दोघांचेही समाधान केले. प्रत्येक चित्रपटावर आपलीच मुद्रा उमटविण्याचा मोह त्यांनी आवरला. अमेरिकेत त्यांनी चित्रित केलेल्या ‘ऑल दॅट जॅझ’ (१९७९) साठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

परंतु रंगीत फिल्मचे रंग काळाबरोबर विटतात. जुने चित्रपट नव्याने सिद्ध करताना मूळ छटा कोणती होती, हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी यंत्राची अचूकता अपुरी पडते. त्या दिवशी दिव्यांमागे कोण उभा होता, त्याला विचारावे लागते. उतारवयात रोतुन्नो यांनी हे काम निष्ठेने केले. ‘इल गात्तोपार्दो’ची नवी प्रत २०१० मध्ये कान महोत्सवात दाखविली गेली, तिच्या सिद्धतेत त्यांचे साहाय्य होते. रोमच्या चित्रपट विद्यालयात त्यांनी नव्या पिढीला छायालेखन शिकविले.

२०२१ मध्ये रोतुन्नो निवर्तले. त्यांचे चित्रपट पाहताना श्रेयनामावलीतील त्यांचे नाव आपण क्षणभर थांबून वाचावे, एवढा त्यांचा अधिकार निश्चितच आहे.